कोरडं काम

ही गोष्ट मी आमच्या हिलाही सांगितलेली नाही. आणि हिला मी काय सांगत नाही? नसरापुरात चहा प्यायलो तरी घरी येऊन सांगतो, सोबत भजी खाल्ली असली तर तीही सांगतो — डॉक्टरनं तेलकट बंद केलेलं असताना. पण ही एक गोष्ट — नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आज संध्याकाळी देवळात ज्यांच्यापुढं मला ती बोलायची आहे, ते सगळे मला चांगले ओळखतात. आत्ता दुपार आहे. ती तोंडातून नीट बाहेर येते का, ते आधी इथं बघतो.

मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस नाही. ही म्हणते, तुम्हाला मीठ मागायचं असलं तरी तुम्ही समुद्रापासून सुरुवात करता. तर करू द्या.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत, प्रयोगशाळेत मदतनीस होतो. मदतनीस म्हणजे — सुरुवातीला तरी — काचेची भांडी धुणारा. पुढं आमच्या मॅडमनी मला शिकवलं आणि मी जिवंत पेशींच्या बशा सांभाळायला लागलो. त्यांचं खाणं बदलायचं, ऊब बघायची, आत जंतू शिरू द्यायचे नाहीत. गुरं राखण्यापेक्षा फार वेगळं नाही ते. गावात मात्र ‘तात्या पुण्यात सायंटिस्ट होते’ असं म्हणतात, आणि मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. हे माझं लहान पाप. मोठं पुढं आहे.

मॅडमचं काम धुळीवर होतं. गारेच्या दगडाची पूड — इतकी बारीक की आपल्याला उन्हात दिसते ती धूळ तिच्यापुढं खडी म्हणायची. आपल्या फुप्फुसात हवेच्या बारक्या पिशव्या असतात, आणि त्यांच्यात साफसफाई करणाऱ्या पेशी फिरत असतात. भक्षक पेशी. जंतू आला, काजळी आली, की गिळायचं आणि पचवायचं, एवढंच त्यांचं काम. आम्ही बशीत या पेशी ठेवायचो आणि वरून ती पूड सोडायचो. पुढचं मी स्वतः सूक्ष्मदर्शकातून बघितलंय, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. पेशी येते, कणाला वेढते, पोटात घेते. तिच्या पोटात पचवणाऱ्या रसाच्या पिशव्या असतात, कण तिथं जातो. पण दगड पचतो का? त्याच्या ताज्या फुटलेल्या अंगानं ती पिशवीच फाटते. रस आतल्या आत सांडतो आणि पेशी स्वतःलाच पचवून मरते. कण तसाच्या तसा बाहेर पडतो. मग दुसरी पेशी येते — तिला काय ठाऊक? — ती तोच कण गिळते.

मरणाऱ्या पेशी गप मरत नाहीत, बाकीच्यांना बोलावतात. त्या आल्या की सूज येते, आणि सारखी सूज राहिली की शरीर तिथं वण धरतं. फुप्फुसात अशा वणांच्या गाठी होतात. गाठी एकमेकींना मिळतात, फुप्फुस कडक होतं, हवेला जागा उरत नाही. त्यावर औषध नाही. मॅडम ॲस्बेस्टॉसचे तंतूही बघायच्या, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत असतात ते. ते तर इतके लांब की एका पेशीच्या तोंडात मावत नाहीत. दोघीतिघी एकाच तंतूला लटकलेल्या असायच्या, तोंड मिटता येत नसायचं, आणि त्या उघड्या तोंडातून रस बाहेर गळून आजूबाजूच्या चांगल्या पेशींना भाजायचा.

हे तुम्हाला शिकवायला सांगत नाही. मला हे सगळं ठाऊक होतं, एवढंच तुमच्या लक्षात राहावं. आमच्या अख्ख्या खोऱ्यात हे डोळ्यांनी बघितलेला माणूस मी एकटा होतो.

निवृत्त झालो आणि गावी आलो. वेल्ह्याच्या अलीकडं, नसरापूरवरून आत, डोंगराच्या पोटाला आमचं गाव आहे. आल्या आल्या मला देवळाच्या कमिटीत घेतलं. आमचं देऊळ महादेवाचं. पिंडीवर घातलेलं पाणी पन्हळीतून भिंतीबाहेर पडतं आणि खाली दगडी कुंडात साठतं. ती पन्हळ कुणी ओलांडत नाही, प्रदक्षिणा तिथून मागं फिरते. आणि कुंडाचं पाणी म्हणजे तीर्थ. बाळंतिणीला ते, नव्या नवरीला ते, गाय चारा खात नसली तरी आधी कुंडाचं पाणी आणि मग डॉक्टर.

तर गाभाऱ्यात नवी फरशी घालायची ठरलं. लाल ग्रॅनाईट, चांगली चकचकीत. त्या दगडातही गारच भरलेली असते. काम दिलं सुदामला. सुदाम माझ्या चुलतभावाचा थोरला मुलगा, पलीकडच्या वाडीतला. पुण्यात इमारतींवर फरशीकाम करून हात बसलेला, गावाकडंच राहायचं म्हणून बायकोला, शैलाला, घेऊन परत आलेला. हसरा गडी. मला तात्या म्हणायचा आणि भेटला की आधी पाया पडायचा, रस्त्यात असलो तरी.

आमच्याकडं एक रीत आहे. देवासाठी आणलेल्या दगडाला हळदकुंकू लावून एकदा गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून आत नेला, की तो परत बाहेर आणायचा नाही. देवाला दिलेलं मागं घेतल्यासारखं होतं. आणि जुना गाभारा कुठं काटकोनात असतो? प्रत्येक तुकडा भिंतीला लावून बघायचा, थोडा कापायचा, परत लावायचा. म्हणजे कापणं आतच. सुदाम पुण्याच्या सवयीनं कटरवर पाण्याची बारीक धार सोडून कापायला लागला. त्यानं ब्लेड टिकतं, म्हणून. त्याला त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कुंड पांढरं झालं. कापल्याचा गाळ पाण्याबरोबर पन्हळीतून बाहेर आला आणि तीर्थ दुधासारखं दिसायला लागलं. श्रावण तोंडावर आलेला. हौसाआत्या — गावातली सगळ्यात म्हातारी बाई, तिच्यापुढं सरपंचही बसत नाही — रिकामा तांब्या घेऊन देवळात आली आणि म्हणाली, “तीर्थात चुना कालवला का रं? ह्ये म्या पिऊ?” मागं सगळ्या बायका. कमिटीचे लोक माझ्याकडं बघायला लागले. पुण्यातला माणूस ना मी.

आणि मी तोडगा काढला. कुणी मागितलाही नव्हता माझ्याकडं, मीच पुढं झालो. म्हटलं, पाणी बंद करा. कोरडं कापू दे. धूळ देवळात पसरेल म्हणून गाभाऱ्याच्या दाराला ताडपत्री लावा, खालीवर घट्ट बांधा, कणभर बाहेर येणार नाही. ही ताडपत्रीची कल्पना मी कुठून आणली ते सांगतो. प्रयोगशाळेत धुळीचं काम आम्ही बंद काचपेटीत करायचो. पण तिथं पेटीत फक्त हात असायचे, तोंड बाहेर. इथं मी अख्खा माणूस पेटीत घातला.

विसरलो होतो का मी? नाही. हेच तर सांगायचंय. बोलता बोलताच मला त्या बशा आठवल्या. पण सगळे माना डोलवत होते, हौसाआत्या म्हणाली, “शिकल्याला माणूस तो शिकल्यालाच,” आणि मला ते आवडलं. पुण्यात आयुष्यभर भांडी धुतलेल्या माणसाला ते फार आवडलं. मी मनाशी म्हटलं, थोडं तर काम आहे, एवढ्यानं काय होतंय.

सुदामनं एकदाच विचारलं, “तात्या, ब्लेड तापंल की.” मी म्हटलं, जास्तीची आणू. तो बरं म्हणाला आणि आत गेला.

संध्याकाळी बाहेर आला तेव्हा पापण्यांपासून पायापर्यंत पांढरा होता. पोरं ओरडली, महादेव भस्म फासून आला. सगळे हसले, तोही हसला, आणि मीही हसलो. मग त्याला म्हटलं, तोंडाला फडकं बांधत जा. जी धूळ मारते ती फडक्यातून सरळ आत जाते, हे मला पाठ होतं. तरी ते सांगून मला बरं वाटलं, काहीतरी केल्यासारखं.

इथं थांबलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. एका देवळानं माणूस जात नाही. पण श्रावणात आजूबाजूच्या गावचे लोक दर्शनाला आले, त्यांनी नवी फरशी बघितली, निवळ कुंड बघितलं, आणि सुदामला बोलावणी यायला लागली. वेल्ह्याकडून, भोरकडून, पार आंबवड्याच्या पलीकडून. जिथं तिथं अट एकच — तात्यांच्या गावात केलं तसं कोरडं काम. जिथं कुंड नव्हतं तिथंसुद्धा. बघता बघता तो नेमच झाला, की देवाच्या घरात दगड ओला कापायचा नाही. सुदामनं घर बांधलं, धाकट्या भावाला, गणेशला, हाताखाली घेतलं. वर्षानुवर्षं तो ताडपत्रीच्या आत बसत राहिला आणि दर दिवाळीला माझ्यासाठी टोपी आणत राहिला. म्हणायचा, तुमच्यामुळं नाव झालं. मी टोपी घालायचो.

मग त्याला खोकला लागला. मग चढ चढताना दम. मग सपाटीवरही.

आता येतो ते. तुम्हाला वाटलं असेल, पाणी बंद केलं हाच माझा गुन्हा. तो आहेच. पण त्याला गर्व म्हणता येईल, मूर्खपणा म्हणता येईल, लोक तेवढं पोटात घालतील. पुढचं मात्र तसं नाही.

शैला मला म्हणाली, तात्या, तुम्ही बरोबर चला, डॉक्टर काय बोलतात ते आम्हाला कळत नाही. मी गेलो. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडावर धरला. वरच्या बाजूला दोन्हीकडं पांढरे ठिपके. मला बघताक्षणी कळलं. डॉक्टर म्हणाला, टीबीसारखं दिसतंय, काम काय करतो हा? सुदामला बोलायला दम नव्हता. शैला बाहेर केसपेपरच्या खिडकीवर होती. डॉक्टर माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, “शेती करतो. बिडी ओढतो.”

झालं. एवढंच.

का बोललो? विचार करून बोललो असतो तर निदान उत्तर देता आलं असतं. दगडाचं काम म्हटलं असतं तर डॉक्टरनं पुढं विचारलं असतं, कसलं काम, ओलं की कोरडं, आणि सुदामनं दम खात खात सांगितलं असतं — तात्या म्हणाले म्हणून कोरडं. ते मला त्या खोलीत ऐकायचं नव्हतं. सुदामनं एकदा मान वळवून माझ्याकडं बघितलं. खोटं बोलतोय हे त्याला कळलंच ना? पण तात्या बोलले म्हणजे त्यात काहीतरी असेल, असं धरून तो गप्प बसला. बिडी तो ओढायचा, दिवसाला दोनचार. शेती होती भाताच्या दोन खाचरांची. म्हणजे शब्द दोन्ही खरे होते, असंही मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

त्याच्या थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी फोटोवरून टीबीची औषधं सुरू झाली. गोळ्या संपल्यावर त्याला वाटलं, आता बरा झालो. अंगात थोडी ताकदही आली होती, आराम मिळालेला ना. आणि तो परत कामावर गेला. ताडपत्रीच्या आत. मी खरं सांगितलं असतं तर गेलेलं फुप्फुस परत आलं नसतं, पण डॉक्टरनं त्याला कटर पुन्हा हातात घेऊ दिला नसता. उरलेल्या फुप्फुसावर तो आणखी किती जगला असता, मला माहीत नाही. जगला असता, एवढं माहीत आहे.

शेवटी घरात ऑक्सिजनचं यंत्र आणलं. आमच्याकडं लाईट जाते, मग गणेश त्याला टेम्पोत घालून नसरापूरला पळवायचा. एकदा मी उशाशी बसलो होतो तर सुदाम थांबत थांबत म्हणाला, “तात्या, तुमी सांगत हुता बिडी सोड म्हून. म्या ऐकलं न्हाई. चुकलं माजं.” मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, असू दे. म्हणजे मी त्याला माफ केलं. कळतंय ना तुम्हाला, मी काय केलं ते?

तो गेला त्याला आता वर्ष होत आलं. शैला भेटेल त्याला सांगते, बिडीनं नेलं माझ्या माणसाला. रस्त्यावरच्या टपरीवाल्याशी ती बोलत नाही. एकदा भर बाजारात त्याला वाटेल ते बोलली, की तुझ्या बिड्यांनी माझं कुंकू पुसलं. तो बिचारा मान खाली घालून उभा. मी पलीकडं भाजी घेत होतो. मी पिशवीत वांगी भरत राहिलो.

आणि आता ही सकाळ. गाभाऱ्याच्या भिंतींनाही तोच लाल ग्रॅनाईट लावायचं कमिटीनं ठरवलंय, काम गणेशला दिलंय. ठरलं तेव्हा मी बैठकीत होतो, काही बोललो नाही. आज सकाळी देवळात गेलो तर दाराला ताडपत्री. बहुतेक तीच जुनी, कडेला शिवलेली. आत कटर सुरू. थांबला तशी मी ताडपत्री उचलली. आत गणेश, सुदामसारखाच पांढरा, तोंडाला मेडिकलमधला निळा मास्क.

म्हटलं, गणेश, पाणी लाव. आणि कारण काय सांगितलं? — ब्लेड तापतं म्हणून. एवढं सगळं होऊनसुद्धा माझ्या तोंडून तेच निघालं.

गणेश हसला. म्हणाला, “तात्या, आता कोरडी चालणारी ब्लेडं मिळत्यात कापूरहोळला. आन् वलं कापू देतंय व्हय गाव? तुमचाच तर नेम हाय.”

मी बाहेर आलो. पायरीवर बसलो. आत परत कटर सुरू झाला, आणि ताडपत्रीच्या खालच्या फटीतून थोडी धूळ उन्हात आली. ती मला दिसत होती, म्हणजे ती साधी. न दिसणारी आतच होती, गणेशबरोबर.

बेलाला पाणी घालायचा पाइप तिथंच पडलेला असतो. मी तो उचलला, नळ सोडला, आत गेलो, गणेशला म्हटलं, काप, धार मी धरतो. तो म्हणाला, आवो तात्या, असं काय करताय, कुंड नासंल. मी म्हटलं, नासू दे, काप. मोठ्यांचं मोडायचं नाही म्हणून त्यानं कापलं. धूळ उडाली नाही. पांढरा गाळ जमिनीवरून वाहिला, पन्हळीत गेला. मी एका हातानं पाइप धरून दुसरा हात भिंतीला टेकून उभा होतो. त्या पहिल्या वेळी मी एवढंच करायला हवं होतं. तेवढं काम माझ्याच्यानं सहज होण्यासारखं होतं.

थोड्याच वेळात बाहेर गलका झाला. हौसाआत्या आता उठत नाही, पण तिच्या सुना आल्या, कमिटीचे दोघे आले. कुंड पांढरं झालेलं. पाणी कुणी सोडलं? मी बाहेर येऊन म्हणालो, मी. का? — तिथंच सांगायला हवं होतं. म्हणालो, संध्याकाळी सगळ्यांना देवळात बोलवा, मग सांगतो. सुदामबद्दल आहे. तोवर गणेश काम करणार नाही. गणेश माझ्याकडं बघतच राहिला, पण त्यानं कटरची पिन काढली.

घरी आलो. हिनं विचारलं, कपडे कशानं भिजले? मी म्हटलं, नळानं. ती अजून माझ्यावर नजर ठेवून आहे. संध्याकाळी तीही येणार आहे, तिथंच ऐकेल.

बोलायचं काय, ते मी मनाशी लावून ठेवलंय. सुदाम बिडीनं गेला नाही, दगडाच्या धुळीनं गेला. पाणी मी बंद केलं, काय होईल ते माहीत असताना. आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, सुदामच्या समोर. पुढं ते काय म्हणतील, मला काय करतील, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आत्ता गणेश दारात येऊन गेला. निरोप सगळीकडं पोचलाय, वाडीतही. शैला म्हणाली म्हणे, चार घरची कामं टाकून येते — तात्या माझ्या माणसाबद्दल बोलणार, म्हणजे चांगलंच बोलतील.